डावा खांदा अर्धा इंच खाली

लग्नाच्या पन्नास पत्रिका छापून आल्या आणि त्यांच्यावर नवरीच दुसरी निघाली.

छापखानेवाल्याचं म्हणणं, त्याने चांगल्याच मनाने केलं. पत्रिकेवर नवऱ्या मुलाचा फोटो हवा होता. त्याच्याकडे मालिकेच्या पोस्टरवरचा झकास फोटो होता. आता त्या फोटोत नायिका नवऱ्या मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती, त्याला तो काय करणार? तिला कापायची तर नवऱ्या मुलाचा अर्धा कान जात होता. "असा कान कापवेल का हो कुणाला?" तो म्हणाला. "वर्षभर रोज बघतोय आम्ही तो कान!"

मास्तरीण पत्रिका हातात धरून दुकानाच्या दारात उभीच राहिली. मास्तरीण म्हणजे नवरी. खरी नवरी, पत्रिकेवरची नव्हे. मामाच्या शिवणाच्या दुकानात ती गेली पंधरा वर्षं कापड बेतत होती. बायकांचे पोशाख, पुरुषांचे कोट, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. दारातून माणूस आत आलं की टेप हातात घेण्याआधीच तिला त्याची छाती, कंबर, उंची कळायची, आणि टेप लावल्यावर फरक निघालाच तर अर्ध्या इंचाचा. सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणायची, आणि तिलाही ते आवडायचं.

तेवढ्यात तिची होणारी सासू आली. तिने पत्रिका घेतली, चष्मा पुसला, निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, किती गोड आलेत दोघं!"

मास्तरणीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोघं म्हणे!

तुम्हीच सांगा, दीड वर्षापूर्वी कोण होता हा? चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक सडपातळ माणूस. स्टुडिओला एका दिवसासाठी डॉक्टर हवा होता, डॉक्टरला एकच वाक्य होतं, "यांना आता विश्रांती घेऊ द्या," आणि हा उभा राहिला. त्याचा पांढरा कोट शिवायचं काम या दुकानाकडे आलं. माप लिहिताना मास्तरणीचं पेन गळलं आणि कोटाच्या खिशावर शाईचा चांगला बोराएवढा डाग पडला. धुवायला वेळ नव्हता. कोट तसाच गेला, तसाच पडद्यावर दिसला. आणि स्टुडिओत म्हणे एक बाई असते, कालच्या प्रसंगात जे होतं ते आज तस्संच आहे ना, एवढंच बघणारी. तिने फर्मान काढलं, डाग पुसायचा नाही. तोवर हा कोटाचं निमित्त काढून रोज दुकानात यायला लागला होता. आज बाही सैल, उद्या बटण ढिलं. तिसऱ्या महिन्यात त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हाही त्याला पडद्यावर तेच एक वाक्य होतं.

मग काय झालं कुणास ठाऊक, लोकांना तो आवडला. एका वाक्याची दहा झाली, दहाची शंभर झाली, आणि वर्षभरात तो घराघरातला डॉक्टर झाला. शाईच्या डागाचे कोट रस्त्यावर विकायला आले. लोक त्याला गुडघे दाखवायचे. मास्तरणीच्या सख्ख्या मामाने त्याला आपल्या पित्ताबद्दल विचारलं होतं. "मामा, तो चष्म्याच्या काचा घासायचा!" ती ओरडली, तर मामा म्हणाला, "असू दे गं, पण बोलतो किती समजून."

आणि त्याच्या शेजारी सदान् कदा ती नायिका. तिचे ते मोठे डोळे, ती मान तिरकी करणं. सासू तर रोज मालिका बघता बघता तिला 'आमची सून' म्हणायची. एकदा खऱ्या सुनेच्या देखत म्हणाली, आणि वर सावरून घेत म्हणाली, "तू पण आहेसच की." पण आहेसच! ते दोन शब्द मास्तरीण आठवडाभर मशीन चालवता चालवता पुटपुटत होती.

लग्नाच्या तयारीचा तर विचका झाला होता. सत्तर माणसांचा हॉल ठरला होता, हॉलवाल्याने डॉक्टरला ओळखलं आणि परस्पर मोठा हॉल लावून टाकला, कारण त्याला स्वतःचे पन्नास नातेवाईक आणायचे होते. फुलवाली म्हणाली, मालिकेत डॉक्टरांनी नायिकेला पिवळी फुलं दिली होती, मी पिवळीच लावणार. फोटोवाला नवऱ्याचे फोटो काढून गेला, नवरीचे विसरला. मास्तरीण सगळ्यांना उत्तरं देत होती आणि आत धुमसत होती. एका चांगल्या माणसाशी साधंसुधं लग्न करायचं होतं हो तिला. हे सगळं गाव त्यात कुठून शिरलं?

स्वतःच्या पोशाखाचं तिने केव्हाच उरकून टाकलं होतं. एका गिऱ्हाइकाने दोन वर्षांपूर्वी शिवायला टाकलेला एक निळा पोशाख कपाटात पडून होता. ती बाई तो न्यायला आलीच नव्हती. मास्तरणीला तो खांद्यात थोडा उतरायचा, कमरेत थोडा पोतं व्हायचा. "मला काय, चालतंय," ती म्हणाली. डॉक्टरने तो बघितला. घडी घालून परत कपाटात ठेवला.

आणि लग्नाच्या आठवडाभर आधी तो एक चिठ्ठी आणि सायीच्या रंगाचं रेशमी कापड घेऊन आला.

"मालिकेत आमचं लग्न आहे," तो म्हणाला. नजर जमिनीवर. "म्हणजे डॉक्टरचं आणि तिचं. तिचा लग्नाचा पोशाख तूच शिवावास असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तुझ्याइतका हात कुणाचा नाही."

"मग तिला पाठव मापाला."

"तिला वेळ नाही. माप आणलंय मी."

मास्तरणीने चिठ्ठी उलगडली. अक्षर त्याचं होतं. छाती छत्तीस, कंबर एकतीस, खांदा पंधरा. आणि खाली, रेघ मारून : डावा खांदा अर्धा इंच खाली.

"हे माप कुणी घेतलं?"

"मी," तो म्हणाला. मग गडबडला. "म्हणजे... मीच."

"टेप लावून?"

"नाहीतर कसं घेणार?"

झालं! म्हणजे याने त्या बाईच्या कमरेभोवती टेप धरला. चांगला निगुतीने धरला, नाहीतर अर्ध्या इंचाचा फरक कुणाला दिसतो? इतकं बारकाईने बघितलं होतं तर याने तिला! मास्तरणीने चिठ्ठीची घडी करून खिशात कोंबली. पण ती वरकरणी एवढंच म्हणाली, "ठेव तिथे. शुक्रवारी चार वाजता ट्रायल. तिलाही आण आणि तूही ये."

कारण तिने मनाशी ठरवलं होतं. शुक्रवारी ती बाई पोशाख घालून आरशासमोर उभी राहिली की मास्तरीण तिच्याकडे बघणारच नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघणार होती. त्या चेहऱ्यावर नको ते दिसलं, तर रविवारचं लग्न तिथल्या तिथे मोडायचं. मग हॉलवाल्याचे पन्नास नातेवाईक गेले उडत.

शिवायला मात्र तिने जीव ओतला. कुणी असं म्हणायला नको की मास्तरणीने जळून वाईट शिवलं. पण तोंड थोडंच गप्प बसणार? "काय हो मामा, एकतीस कंबर! पडद्यावर तर वेलीसारखी दिसते. म्हणजे आवळून आवळून बसवत असणार बयेला." मामा काजं करत होता, त्याला एकदम खोकला आला. "आणि हा डावा खांदा बघा! अशी कशी वाकडी बाई? नायिका आहे की ओझी वाहते?" मामाचा खोकला थांबेना. तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

चार दिवसांत पोशाख उभा राहिला, आणि काय उभा राहिला म्हणून सांगू! बाह्यांची पडण, गळ्याची गोलाई, घेराची झूल. पंधरा वर्षांत असं काम तिच्या हातून झालं नव्हतं. तो बघता बघता मास्तरणीला रडूच फुटलं. हे अंगावर घालून ती दुसरी मिरवणार, आणि आपण त्या निळ्या पोत्यात.

आणि मग मास्तरणीने जे केलं ते तिने करायला नको होतं. पण केलं. तिने कमरेच्या दोन्ही शिवणी उसवल्या आणि एकेक इंच आत घेऊन पक्क्या टिपा मारल्या. एकतीसची कंबर झाली एकोणतीस. घे म्हणावं आता श्वास!

"अगं, आत कापड सोड," मामा घाबराघुबरा होऊन म्हणाला. "लग्नाचा पोशाख आहे, लागलं तर सैल करता येईल. सोड गं बाई."

"तुम्हाला एवढा कळवळा का तिचा?" मास्तरीण म्हणाली, आणि तिने शिवणीच्या आतलं सगळं जास्तीचं कापड कात्रीने कापून टाकलं. मामाने कपाळावर हात मारला.

शुक्रवारी चार वाजले. डॉक्टरचा पत्ता नाही. सव्वाचारला गल्लीच्या तोंडाशी गलका ऐकू आला, म्हणजे लोकांनी त्याला गाठला होता. साडेचारला दुकानात एक बाई शिरली, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर हा एवढा मोठा काळा चष्मा. तिने तो काढला, आणि ती तीच होती.

मास्तरणीची नजर सवयीने तिच्या अंगावरून फिरली. छाती बत्तीस. कंबर चोवीस, फार तर साडेचोवीस. उंचीला तर मास्तरणीपेक्षा वीतभर जास्त. खांदे दोन्ही एका रेषेत.

मास्तरणीने पुन्हा एकदा पाहिलं. टेपशिवाय तिची चूक अर्ध्या इंचाची व्हायची, सात इंचांची नव्हे.

"सुटले बाई!" नायिका खुर्चीत धपकन बसत म्हणाली. "त्याला कोपऱ्यावर घेरलाय लोकांनी, मी मागच्या गल्लीने पळाले. पण मला बघायचंच होतं आज. कुठाय पोशाख? आणि तुम्हीच का मास्तरीण? अहो, डोकं खाल्लंय त्याने आमचं! माझी मास्तरीण असं कापते, माझी मास्तरीण तसं शिवते. मी म्हटलं, बाबा रे, माझा धाकटा पाचवीत आहे, मला घरी जाऊन त्याचा अभ्यास घ्यायचाय, मला सोड."

"तुमचा पोशाख," मास्तरीण कशीबशी म्हणाली. "मालिकेतल्या लग्नाचा..."

"कसलं लग्न? मी पुढच्या आठवड्यात जिन्यावरून पडून मरणार आहे!" नायिका म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "कुणाला सांगू नका हं. त्याच्या आईला तर मुळीच नाही."

मास्तरणीने खिशातून चिठ्ठी काढली. छत्तीस, एकतीस, पंधरा. मग तिने गळ्यातला टेप काढला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कमरेभोवती धरला. अख्ख्या गल्लीचं माप पाठ असलेल्या या बाईला स्वतःचं माप ठाऊक नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. उरलेल्या कापडात, टाकलेल्या पोशाखात तिचं भागत आलं होतं.

एकतीस.

"मामा!"

मामा पडद्यामागून बाहेर आला. "मी सांगत होतो ना, आत कापड सोड म्हणून," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "तुला सांगून शिवायला लावलं असतं, तर तू परत कुठलातरी तुकडा काढून बसली असतीस. म्हणून त्याने ही शक्कल काढली. मला शपथ घातली होती गं."

नायिकेने हट्टच धरला, म्हणून मास्तरणीने पडद्यामागे जाऊन पोशाख चढवला. खांदे बसले. डावा खांदासुद्धा बसला, सुरकुती म्हणून नाही. आणि कमरेला हुक लागेना. दोन इंचांची फट राहिली ती राहिली. नायिकेने मागून ओढलं, मामाने देवाचं नाव घेतलं, मास्तरणीने पोट आत घेऊन डोळे पांढरे केले. छे!

नेमका तेव्हाच डॉक्टर दारात आला. अंगात पांढरा कोट, त्याची तीन बटणं लोकांनी आठवण म्हणून तोडून नेलेली, केस विस्कटलेले. तो आत आला, त्याने तिला पाहिलं आणि तो तिथेच थांबला.

चेहरा बघायचा असं तिने ठरवलं होतं. आता तो तिच्यासमोर होता, आणि तिला वर बघायचा धीर होईना. तरी बघितलं. पंधरा वर्षांत आरशापुढे उभ्या राहिलेल्या कितीतरी बायकांकडे त्यांच्या माणसांना बघताना तिने पाहिलं होतं. असं कुणाला बघताना पाहिलं नव्हतं.

"छान दिसतेस," तो म्हणाला. मग त्याला फट दिसली. "हे... माझं माप चुकलं का?"

मामा छताकडे बघायला लागला. नायिकेला एकाएकी भिंतीवरचं कॅलेंडर फार आवडलं.

"माप बरोबर होतं," मास्तरीण म्हणाली. "मी आवळलं. तिच्यासाठी आहे असं वाटलं, म्हणून दोन इंच आवळलं. आणि आतलं कापड कापून टाकलं. मी जळले. वर्षभर जळतेय. आई तिला सून म्हणते, पत्रिकेवर ती, फुलं तिच्या आवडीची. मला वाटलं तूही..." 

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. "मला आधी सांगायला हवं होतं गं," तो म्हणाला. "मी आपला तुला चकित करायला गेलो."

"माप कसं घेतलंस?"

"खुंटीवर तुझा रोजचा पोशाख असतो ना, तेवढाच एक तुला नीट बसतो, त्याच्यावरून. तू जेवायला गेली होतीस, मामांनी टेप कसा धरायचा ते दाखवलं."

"आणि खांदा? कपड्यावरून तो कळत नाही."

"तो नाही मोजला," डॉक्टर म्हणाला. "तू मशीनवर बसलीस की डावीकडे झुकतेस. मी दीड वर्ष त्या बाकावर बसून बघतोय. तुला काय वाटलं, माझी बाही खरंच रोज सैल व्हायची?"

"मी पंधरा वर्षं हिला मशीनवर बघतोय, मला नाही दिसलं कधी," मामा मध्येच म्हणाला. नायिकेने नाक शिंकरलं.

मास्तरणीने डोळे पुसले. मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली. "रडून कंबर सैल होणार नाही. दोन्ही बाजूंना फटीत जोडकापडाच्या कळ्या घालायला हव्यात. पण हे कापड संपलं, आणि याच्या जोडीचं परवापर्यंत मिळायचं नाही. पांढऱ्यात काही चालेल. मामा, बघा कपाटात."

"कपाटात कशाला?" डॉक्टर म्हणाला, आणि त्याने कोट काढून कापायच्या टेबलावर पसरला.

नायिका किंचाळली. "वेडा झालास का? ती डाग जपणारी बाई तुला उभा जाळेल! सोमवारी शूटिंग आहे. सगळ्या देशाला तो कोट पाठ आहे!"

"सोमवारचं सोमवारी," तो म्हणाला आणि त्याने कात्री उचलून मास्तरणीच्या हातात दिली. "बटणं लोकांनी नेलीच आहेत. बाकीचा तू घे."

मास्तरीण कोटाकडे बघत राहिली. त्याच्या खिशावर बोराएवढा शाईचा डाग होता, तिच्याच पेनाचा. दीड वर्ष तो सगळ्यांचा होऊन बसला होता. तिने खडू घेतला, एक कळी पाठीच्या भागातून आखली, आणि दुसरी, जरा विचार करून, बरोबर खिशावरून. मग कच्चकन कात्री चालवली.

रविवारी हॉल माणसांनी फुलून गेला होता. हॉलवाल्याचे पन्नास नव्हे, ऐंशी नातेवाईक आले होते. फुलं पिवळीच होती. पत्रिका हातात घेऊन काही मंडळी दारातच नवरी ओळखायच्या घोळात अडकली होती, आणि नायिका त्यांना हाताला धरधरून "मी नाही हो, त्या तिकडे," असं सांगत होती. मास्तरीण चालत आली. पोशाख अंगावर असा बसला होता की बायका खुर्च्यांवरून उठून बघायला लागल्या. कमरेला दोन्हीकडून पांढऱ्या कळ्या उघड उघड दिसत होत्या, आणि डाव्या कळीवर डाग.

तो सगळ्यांत आधी सासूला दिसला. तिने चष्मा पुसला, पुढे झाली, वाकून पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"अगं, हा तर आमच्या डॉक्टरचा कोट! कापलास? मग उद्या तो घालणार काय?"

 मास्तरणीने आधी मनसोक्त, पोटभर श्वास घेतला. आता घेता येत होता.

"काळजी करू नका, आई," ती म्हणाली. "उद्या सकाळी दुसरा शिवून देते. माप आहे माझ्याकडे. आणि ते पेनही अजून गळतं."